नव्या संगणकांना डोमेन सापडेना: एका पतसंस्थेतल्या प्रकल्प नोंदी

सोमवार, ८ सप्टेंबर २०२५

गणपती उठले, आजपासून काम सुरू. सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेचं मुख्य कार्यालय आणि नंतर तिची एक शाखा. विंडोज १० चे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबरला बंद होणार, म्हणून संचालक मंडळाने डझनभर नवे पीसी मंजूर केले. जुन्यांवर विंडोज ११ टाकून भागलं असतं तर बरंच होतं, पण बहुतेकांत टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नाही आणि प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे. नव्या मशीनवर विंडोज ११, २४एच२ आवृत्ती आहे. ती सगळी डोमेनमध्ये घ्यायची, म्हणजे एका सर्व्हरवरून सगळ्यांचे पासवर्ड आणि नियम चालतात त्या गटात.

नोंदीत डोमेनचं खरं नाव लिहीत नाही, 'कचेरी.लोकल' म्हणतो. सर्व्हर एकच, विंडोज सर्व्हर २०१९, तोच डोमेन सांभाळणारा डोमेन कंट्रोलर (डीसी). त्याचा पत्ता १९२.१६८.१०.२, पुढे नुसतं १०.२ लिहितो. फायबरच्या लाइनचा राउटर १९२.१६८.१०.१.

पहिला पीसी कॅश काउंटरमागे लावला. केबल लावली, इंटरनेट सुरू झालं. सेटिंगमध्ये डोमेनचं नाव टाकून ओके केलं, तर नेहमीचा संदेश: या डोमेनच्या डोमेन कंट्रोलरशी संपर्क होऊ शकला नाही. तिथे 'डिटेल्स'चं बटण असतं, ते दाबलंच पाहिजे. बहुतेक जण खिडकी बंद करतात आणि केबल हलवून बघतात. आतल्या मजकुरात तीन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या असतात: कोणता प्रश्न विचारला, काय उत्तर आलं आणि कोणाला विचारलं.

आज तिथे दिसलं ते असं. प्रश्न: _एलडॅप._टीसीपी.डीसी._एमएसडीसीएस.कचेरी.लोकल या नावाची एसआरव्ही नोंद, म्हणजे एखादी सेवा कोणत्या मशीनवर आहे ते सांगणारी नोंद. उत्तर: असं नावच अस्तित्वात नाही, एरर कोड शेवटी २३२बी. विचारलं कोणाला: १९२.१६८.१०.१, म्हणजे राउटरला.

राउटर हा प्रश्न पुढे लाइनवाल्यांच्या डीएनएसकडे (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेकडे) ढकलतो. सार्वजनिक डीएनएसच्या मुळाशी 'लोकल' नावाचं काही नाही, त्यामुळे तिकडून ठाम 'नाही' येतं. वस्तीवरच्या घराचा पत्ता मुंबईच्या जीपीओत विचारण्यासारखं आहे हे.

मग तोच प्रश्न थेट सर्व्हरला विचारून पाहिला. एनएसलुकअप या डीएनएसला प्रश्न विचारणाऱ्या आज्ञेत प्रकार एसआरव्ही ठेवून शेवटी १०.२ चा पत्ता द्यायचा, म्हणजे मशीनवर कोणतंही डीएनएस लावलेलं असो, प्रश्न त्याच सर्व्हरकडे जातो. तिथूनही 'असं नाव नाही' हेच आलं. म्हणजे राउटरचं डीएनएस बदलून सर्व्हरचं लावलं असतं तरी आज हा पीसी जोडला गेला नसता. दोन दुखणी एकावर एक आहेत.

(एनएसलुकअप सुरुवातीला सर्व्हरच्या नावाजागी 'अननोन' दाखवतो, त्याने घाबरायचं कारण नाही. उलट शोधाचा झोन (नोंदींचा संच) बनवलेला नसला की पत्त्यावरून नाव सापडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. उत्तराशी त्याचा संबंध नसतो.)

मंगळवार, ९ सप्टेंबर २०२५

मॅनेजर साहेबांनी सकाळी विचारलं, "जुनी मशीनं तर इतकी वर्षं चालतायत, मग नव्यांनाच काय झालं?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर सापडल्याशिवाय सर्व्हरला हात लावायचा नाही असं ठरवलं, कारण चालू कार्यालयात जे कशामुळे चाललंय तेच माहीत नसेल तर दुरुस्ती करताना नेमकं तेच तुटतं.

दिवसभर जुन्या मशीनवर बसलो. काहींवर आयपीकॉन्फिग /ऑल या नेटवर्क सेटिंग दाखवणाऱ्या आज्ञेत पहिलं डीएनएस १०.२ आणि दुसरं ८.८.८.८ (गुगलचं सार्वजनिक डीएनएस), हाताने भरलेलं. काहींवर सगळं राउटरकडून आलेलं, सर्व्हरचा पत्ताच नाही. तरी लोक रोज सकाळी पासवर्ड टाकून आत जातात, कर्ज विभागाचं शेअर फोल्डर उघडतं.

ती मशीनं डीएनएसने डोमेन शोधतच नव्हती. विंडोजकडे एक जुना मार्ग आहे, नेटबायोस. डोमेनचं एका शब्दाचं छोटं नाव घेऊन मशीन आपल्या नेटवर्कवर यूडीपी १३७ या पोर्टवरून सगळ्यांना हाक मारतं आणि ज्याच्याकडे ते नाव आहे तो उत्तर देतो. एकाच स्विचवर सर्व्हर असला की एवढ्यावर भागतं. डीएनएसकडून काहीच आलं नाही तर मशीन गुपचूप इकडे वळतं, वापरणाऱ्याला कळतही नाही.

विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून डोमेन कंट्रोलर शोधताना हा नेटबायोसचा मार्ग मुळातच बंद ठेवलेला आहे. धोरण बदलून तो उघडता येतो, पण मी उघडणार नाही. हाक मारली की कोणीही 'मीच तो' म्हणू शकतो आणि मशीन त्याच्यावर विश्वास ठेवतं. लोकांच्या ठेवी सांभाळणाऱ्या संस्थेत हे चालवून घेणं योग्य नाही.

जुन्या मशीनचं सगळं सुरळीत होतं असंही नाही. राउटरचं डीएनएस असलेल्या एका पीसीवर जीपीरिझल्ट चालवला, तर ग्रुप पॉलिसी (सर्व्हरवरून मशीनना लागणारे नियम) कित्येक महिने लागलेलीच नाही. स्क्रीन आपोआप लॉक व्हायचा नियम सर्व्हरवर आहे, काउंटरवर नाही. कॅशियर मॅडम म्हणाल्या, "सकाळी सुरू व्हायला लई वेळ घेतं, आम्ही तोवर चहा घेतो." तो वेळ कशात जातो हे आता कळलं.

बुधवार, १० सप्टेंबर २०२५

क्रम ठरवला: आधी सर्व्हरकडे उत्तर असलं पाहिजे, मग प्रश्न त्याच्यापर्यंत पोचवायचा. उलट केलं असतं तर प्रश्न पोचूनही 'असं नाव नाही' हेच उत्तर आलं असतं.

सर्व्हरच्या डीएनएस मॅनेजरमध्ये झोन उघडला. _एमएसडीसीएस खालचे फोल्डर रिकामे. सर्व्हरच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (घडामोडींच्या नोंदवहीत) नेटलॉगॉन या डोमेनचं लॉगिन सांभाळणाऱ्या सेवेच्या नावाने ५७७४ क्रमांकाच्या नोंदींची रांग: डीएनएस नोंद करता आली नाही. आणि सर्व्हरच्या स्वतःच्या नेटवर्क कार्डावर डीएनएस काय लावलेलं? पहिलं राउटर, दुसरं ८.८.८.८.

ही सगळी कडी इथे जुळली. डोमेन कंट्रोलर कुठे आहे हे सांगणाऱ्या एसआरव्ही नोंदी कोणी हाताने लिहीत नाही. त्या नेटलॉगॉन सेवा स्वतः डीएनएसमध्ये लिहिते आणि वरचेवर ताज्या करते. पण लिहायचं कुठे, हे ती कार्डावर लावलेल्या डीएनएसला विचारूनच ठरवते. राउटर म्हणणार, कचेरी.लोकल नावाचं काही नाही. त्यामुळे डीएनएस सर्व्हर त्याच मशीनवर चालू असूनही त्या मशीनच्याच नोंदी त्यात लिहिल्या जात नव्हत्या.

मग आधीच्या नोंदी गेल्या कुठे? झोनवर स्कॅव्हेंजिंग चालू आहे, म्हणजे शिळ्या नोंदी झाडून टाकणारी सोय. मुळात सात दिवस ताजं करू न देण्याचे आणि पुढचे सात दिवस ताजं करण्याचे. त्यानंतरही ज्याने आपली नोंद ताजी केली नाही, ती झाडणीत जाते. सोय चांगली आहे, बंद करणार नाही. कोणीतरी इंटरनेट हळू चालतं म्हणून सर्व्हरच्या कार्डावर बाहेरचं डीएनएस लावलं असणार, आणि काही आठवड्यांनी सर्व्हरच्या नोंदी पुसल्या गेल्या. नेटबायोसने सावरून धरलं म्हणून कोणाला पत्ता लागला नाही.

संध्याकाळी काउंटर बंद झाल्यावर केलं ते:

कार्डावरचं डीएनएस बदलून पहिलं १९२.१६८.१०.२, दुसरं १२७.०.०.१ (म्हणजे ते मशीन स्वतःच). बाहेरचा एकही पत्ता नाही. बाहेरच्या नावांसाठी डीएनएस मॅनेजरमध्ये फॉरवर्डर असतात, तिथे ८.८.८.८ आणि १.१.१.१ टाकले. त्यांची जागा तीच. मग नोंदी पुन्हा लिहिल्या जाव्यात म्हणून आयपीकॉन्फिग /रजिस्टरडीएनएस, आणि नेटलॉगॉन सेवा बंद करून पुन्हा सुरू. एनएलटेस्ट /डीएसरेगडीएनएस या आज्ञेनेही हेच होतं.

थोड्याच वेळात झोनमधले फोल्डर भरले. सिस्टम३२ च्या कॉन्फिग फोल्डरमध्ये नेटलॉगॉन.डीएनएस नावाची साधी टेक्स्ट फाइल असते, कोणत्या नोंदी असायला हव्यात त्यांची पूर्ण यादी तिच्यात मिळते. ती उघडून झोनशी ताडून पाहिली. डीसीडायग /टेस्ट:डीएनएस ही तपासणी स्वच्छ आली.

एक जुनी घाणही दिसली. आधी इथे सर्व्हर २०१२ आर२ होता. त्याचा आधार १० ऑक्टोबर २०२३ ला संपला आणि तो मग बंद करून माळ्यावर ठेवला, पण डोमेनमधून रीतसर काढला नाही. 'कचेरी.लोकल' या नुसत्या नावाला त्याचा पत्ता १०.५ हाताने लिहिलेला होता. हाताने लिहिलेल्या नोंदीला वेळेचा शिक्का नसतो, म्हणून झाडणी तिला शिवत नाही. आता त्याच नावाखाली १०.२ पण आलं, आणि डीएनएस दोन्ही पत्ते आलटून पालटून देणार. १०.५ वर आज कोण आहे ते पाहिलं, तर सीसीटीव्हीचा डीव्हीआर! \\कचेरी.लोकल असं लिहून फोल्डर उघडणाऱ्याची विनंती कधी सर्व्हरकडे, कधी कॅमेऱ्यांच्या पेटीकडे गेली असती.

जुन्या डीसीचं खातं ॲक्टिव्ह डिरेक्टरीतून, म्हणजे डोमेनच्या खात्यांच्या यादीतून, काढलं. तसं काढताना त्याची आतली बरीचशी माहिती आपोआप साफ होते, पण डीएनएसमधल्या ए (नावाचा पत्ता) आणि एनएस (डीएनएस सर्व्हरचं नाव) नोंदी स्वतः शोधून पुसाव्या लागतात. त्याआधी सगळ्या एफएसएमओ भूमिका (डोमेनमध्ये एकाच सर्व्हरकडे असणाऱ्या खास जबाबदाऱ्या) चालू सर्व्हरकडेच आहेत ना, हे नेटडॉम क्वेरीने पाहून घेतलं. होत्या. आणि त्याही आधी सिस्टम स्टेटचा (सर्व्हरच्या मूळ माहितीचा) बॅकअप. एकच सर्व्हर असलेल्या ठिकाणी बॅकअपशिवाय हे काम कोणी करू नये.

गुरुवार, ११ सप्टेंबर २०२५

आता रस्ता. राउटरचं डीएचसीपी (मशीनना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद, सर्व्हरवर डीएचसीपीची भूमिका टाकली आणि ती ॲक्टिव्ह डिरेक्टरीत अधिकृत केली. तसं केलं नाही तर डोमेनमधला डीएचसीपी सर्व्हर पत्तेच वाटत नाही. वाटायच्या गोष्टी तीन: पर्याय ३ मध्ये राउटर, पर्याय ६ मध्ये डीएनएस, पर्याय १५ मध्ये डोमेनचं नाव. प्रिंटर, डीव्हीआर आणि सर्व्हर यांचे पत्ते वाटपातून वगळले.

पर्याय ६ मध्ये एकच पत्ता, १०.२. इथे मॅनेजर साहेबांशी बरंच बोलणं झालं. आधीच्या माणसाने भिंतीवर चिकटवलेल्या कागदावर दुसरं डीएनएस ८.८.८.८ आहे आणि ते का काढायचं हे त्यांना पटत नव्हतं. "एक बंद पडलं तर दुसरं नको का?"

हा समज इतका सर्रास आहे की सविस्तर लिहून ठेवतो. लोकांना वाटतं, पहिल्याला नाव सापडलं नाही की मशीन दुसऱ्याला विचारतं. तसं होत नाही. पहिल्याने 'असं नाव नाही' म्हटलं की ते उत्तर झालं, विषय संपला. पहिल्याकडून काहीच उत्तर आलं नाही तरच मशीन दुसऱ्याकडे जातं. आता सर्व्हर अपडेट घेऊन रीस्टार्ट होतोय किंवा क्षणभर अडकलाय, अशा वेळी मशीन ८.८.८.८ ला विचारतं, डोमेन कंट्रोलर कुठे? तो इमानदारीने सांगतो, असं नावच नाही. मशीनला उत्तर मिळालं. पुढे काही काळ ते त्याच दुसऱ्याकडे जात राहतं, तोवर सर्व्हर परत आलेला असतो. बाहेरून दिसतं ते एवढंच: कधी चालतं, कधी चालत नाही. अशा दुखण्यावर लोक स्विच बदलतात, केबल बदलतात, विंडोज नव्याने टाकतात.

म्हणून नियम एकच: मशीनला दिलेल्या प्रत्येक डीएनएसला कचेरी.लोकलचं उत्तर ठाऊक असलं पाहिजे. ज्याला ठाऊक नाही त्याला यादीत जागा नाही. सर्व्हर बंद पडल्यावर इंटरनेटही अडेल ही साहेबांची काळजी खरी आहे, पण तिचा इलाज दुसरा डोमेन कंट्रोलर हाच आहे. तो विषय मांडून ठेवला.

कॅश काउंटरच्या पीसीवर आयपीकॉन्फिग /रिलीज, /रिन्यू, /फ्लशडीएनएस करून नवा पत्ता घेतला आणि जुनी उत्तरं पुसली. पुन्हा तोच प्रश्न विचारला, उत्तर आलं: पोर्ट ३८९, प्राधान्य ०, वजन १००, खाली सर्व्हरचं नाव आणि १०.२. डोमेनचं नाव टाकलं, पासवर्ड विचारला आणि स्वागताचा संदेश आला. रीस्टार्टनंतर स्क्रीन लॉकचा नियमही लागला.

जुन्या मशीनवर हाताने भरलेलं डीएनएस काढून सगळं आपोआप मिळण्यावर ठेवतोय. सकाळी चहा होण्याआधी मशीन सुरू झालेलं असतं असं मॅडमनी उद्या सांगितलं तर समाधान वाटेल.

शुक्रवार, १२ सप्टेंबर २०२५

बाकीची मशीनं एकेक करून घेतली. किरकोळ अडचणी पटकन लिहितो.

एका पीसीवर चुकून विंडोज ११ होम आलं आहे. होम आवृत्ती डोमेनला जोडताच येत नाही. विक्रेत्याला प्रोची की पाठवायला सांगितली.

नावं: साहेबांना मशीनच्या नावात विभागाचं पूर्ण नाव हवं होतं. नेटबायोसचं नाव पंधरा अक्षरांपर्यंतच जातं, सोळावं अक्षर सेवेचा प्रकार सांगायला राखीव. लांब नावं पंधराव्या अक्षराशी कापली जातात आणि दोन मशीनचं कापलेलं नाव सारखं निघालं की गोंधळ. विभागाची तीन अक्षरं आणि दोन अंक एवढंच ठेवलं.

कर्ज विभागात जुन्या पीसीचंच नाव नव्याला द्यायचं होतं. तिथे आलं: या नावाचं खातं आधीच आहे, सुरक्षा धोरणामुळे ते पुन्हा वापरता येणार नाही. एरर २७३२. याला डीएनएसशी काही देणंघेणं नाही. ऑक्टोबर २०२२ च्या सुरक्षा अपडेटपासून, दुसऱ्याने बनवलेलं संगणक खातं असं उचलता येत नाही. जुनं खातं काढलं आणि नव्याने जोडलं. नेमका कोणता एरर आहे हे पाहायला सी ड्राइव्हवर विंडोज, त्यात डीबग, त्यात नेटसेटअप.लॉग. डोमेन जोडणीचा प्रत्येक टप्पा त्यात क्रमाने असतो.

घड्याळ: नव्या मशीनचा टाइम झोन अमेरिकेतल्या पॅसिफिकचा येतो. कोणी झोन तसाच ठेवून नुसते काटे भारतीय वेळेवर फिरवले, तर आतून वेळ साडेबारा तास चुकते. केर्बेरॉस, म्हणजे डोमेनमध्ये ओळख तपासणारी पद्धत, मुळात पाच मिनिटांचाच फरक सहन करते. म्हणून आधी झोन, मग वेळ.

सोमवार, १५ सप्टेंबर २०२५

सकाळी फोन: "सर, शुक्रवारपर्यंत चालत होतं की. आज निम्म्या मशीनवर शेअर फोल्डर उघडत नाही."

काल रविवारी जोराचा पाऊस, वीज कडाडली, फायबरचा राउटर गेला. शिपाई मामांनी लाइनवाल्यांना बोलावलं आणि त्यांनी लगेच दुसरा बसवून दिला. नवा राउटर कारखान्याच्या सेटिंगवर. त्याचं डीएचसीपी चालू आहे, हे पहिल्या मिनिटात कळलं. बंद केलं, मशीनना पुन्हा पत्ते घ्यायला लावले. आता आयपीकॉन्फिगमध्ये पत्ता सर्व्हरने दिलेला, डीएनएस १०.२. तरी फोल्डर उघडेना.

पिंग (मशीन उत्तर देतं का ते पाहणं) १०.२ ला होतं. नावाने पिंग होत नाही. एनएसलुकअपला सर्व्हरचा पत्ता देऊन विचारलं तर बरोबर उत्तर, न देता विचारलं तर 'असं नाव नाही'. म्हणजे पत्ता न देता विचारलेला प्रश्न १०.२ कडे जातच नव्हता. आयपीकॉन्फिग /ऑल पुन्हा, या वेळी एकेक ओळ. डीएनएस सर्व्हरच्या यादीत १०.२ च्या वर आणखी एक पत्ता होता, एफई८० ने सुरू होणारा. आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचा पत्ता.

राउटर आयपीव्ही६ मध्ये ठरावीक काळाने घोषणा करत असतो: मी इथे आहे, हा उपसर्ग (पत्त्याचा सुरुवातीचा भाग) घ्या, आणि डीएनएससाठी मला विचारा. शेवटच्या भागाला आरडीएनएसएस म्हणतात. विंडोज १० च्या २०१७ मधल्या क्रिएटर्स अपडेटपासून विंडोज ती घोषणा ऐकतं. डीएचसीपीशी तिचा संबंध नाही, त्यामुळे डीएचसीपी बंद केलं तरी ती चालूच राहते. आणि त्याच कार्डावर आयपीव्ही६ चं डीएनएस यादीत वर येतं. हाताने १०.२ भरून ठेवलेली मशीनंही यातून सुटली नाहीत, कारण हाताने भरलेलं ते आयपीव्ही४ चं, हे वेगळ्याच दाराने आत आलं.

पीसीवर आयपीव्ही६ची खूण काढून टाकणं हा लगेच सुचणारा उपाय. मी तो करत नाही. मायक्रोसॉफ्टही आयपीव्ही६ बंद करू नका असंच सांगते, आणि प्रत्येक मशीनवर जाऊन केलेली अशी कामं दोन वर्षांनी कोणाच्या लक्षात राहत नाहीत. चूक जिथून पसरते तिथेच थांबवायची. राउटरच्या लॅन सेटिंगमध्ये घोषणेतून डीएनएस देण्याची वेगळी खूण होती, ती काढली. जुनी घोषणा मशीनच्या स्मरणात तिची मुदत संपेपर्यंत राहते, म्हणून केबल काढून पुन्हा लावली. यादीत फक्त १०.२ उरलं. फोल्डर उघडले.

राउटरवर मराठीत चिठ्ठी चिकटवली: "बदलल्यास डीएचसीपी बंद, आयपीव्ही६ डीएनएस बंद. आधी फोन करा." मामांना वाचून दाखवली. त्यांनी ती लाइनवाल्यांच्या पोरालाही दाखवायचं कबूल केलं.

बुधवार, १७ सप्टेंबर २०२५

शाखा. मुख्य कार्यालयाशी व्हीपीएनने (इंटरनेटवरून केलेल्या खाजगी जोडणीने) जोडलेली. इथे सर्व्हर नाही, ओपनडब्ल्यूआरटी (राउटरचं मुक्त सॉफ्टवेअर) टाकलेला छोटा राउटर आहे. पत्ते १९२.१६८.२०.० चे.

मुख्य कार्यालयासारखं सगळ्यांना १०.२ देता येईल, पण व्हीपीएन तुटलं की शाखेत गुगलसुद्धा उघडणार नाही, आणि इथे लाइन पावसाळ्यात वरचेवर जाते. शाखेला हवं ते असं: कचेरी.लोकलचा प्रश्न आला तर १०.२ ला विचार, बाकी सगळं बाहेर. राउटरमधल्या डीएनएसमास्क या डीएनएस सांभाळणाऱ्या प्रोग्रामला ही सोय आहे, एका ओळीत डोमेन आणि त्याचा सर्व्हर लिहायचा. मग मशीनना राउटरचाच पत्ता डीएनएस म्हणून दिला तरी नियम मोडत नाही, कारण राउटरला आता उत्तर कुठे मिळेल ते ठाऊक आहे.

ओळ लिहिली. एसआरव्हीचा प्रश्न राउटरला विचारला, उत्तर नाही. १०.२ ला थेट विचारला, व्हीपीएनमधून लगेच उत्तर. राउटरला सर्व्हरच्या नावाची साधी ए नोंद विचारली, तीही नाही.

दोन वेगवेगळी कारणं निघाली. डीएनएसमास्कमध्ये 'फिल्टरविन२के' नावाचा पर्याय आहे. डायल-अपच्या काळात विंडोज मशीन सारखे असले प्रश्न बाहेर पाठवून फोनची लाइन उगाच जोडायची, म्हणून तो आला. एसआरव्ही आणि एसओए (झोनची मूळ माहिती विचारणारे) प्रकारचे प्रश्न तो सरळ गिळतो. मूळ सेटिंगमध्ये तो बंद असतो, इथे कोणीतरी चालू केला होता. डोमेन शोधणारा नेमका प्रश्नच त्याच्या तावडीत सापडायचा.

ए नोंदीचं कारण राउटरच्या लॉगमध्ये स्वच्छ लिहिलेलं: संभाव्य डीएनएस रीबाइंड हल्ला. पुढच्या डीएनएसने एखाद्या नावाचा पत्ता खाजगी रेंजमधला दिला, तर ती बाहेरच्या कोणाची लबाडी असू शकते म्हणून राउटर ते उत्तर टाकून देतो. संरक्षण चांगलं आहे, बंद करायचं नाही. फक्त कचेरी.लोकल या डोमेनला सूट द्यायची, त्यासाठी रकाना आहे. दोन्ही केलं, सेवा रीस्टार्ट केली, एसआरव्ही आणि ए दोन्हींची उत्तरं आली.

तरी पहिला पीसी जोडेना. पण आता संदेश बदलला: डीएनएसने डोमेन कंट्रोलरचं नाव दिलं, त्याच्याशी संपर्क मात्र होत नाही. नाव शोधण्याचं काम संपलं, पुढचं अडलंय, हे या फरकावरून कळतं. नाव मिळाल्यावर मशीन यूडीपी ३८९ वर सर्व्हरला विचारून बघतं. व्हीपीएनच्या नियमात ५३, ४४५ आणि टीसीपी ३८९ हे पोर्ट उघडे, यूडीपी ३८९ नाही. उद्या मुख्य कार्यालयाच्या बाजूने उघडायचं.

गुरुवार, १८ सप्टेंबर २०२५

यूडीपी ३८९ उघडलं. सोबत केर्बेरॉसचे ८८ आणि ४६४ टीसीपी, यूडीपी दोन्ही प्रकारांत, आरपीसीचा (दूरच्या मशीनकडून काम करून घेण्याच्या पद्धतीचा) १३५ आणि त्याचे वरचे पोर्ट ४९१५२ ते ६५५३५, फक्त शाखेच्या रेंजमधून फक्त सर्व्हरकडे. शाखेतली मशीनं जोडली. शाखाधिकारी मॅडमसमोर व्हीपीएन मुद्दाम बंद करून दाखवलं: इंटरनेट चालू, आधी लॉगिन केलेल्यांना पीसीवर आत जाता येतं, फक्त शेअर फोल्डर थांबतं. हे आधी बघून ठेवलेलं बरं, लाइन गेल्यावर घाबरगुंडी उडत नाही.

शनिवार, २० सप्टेंबर २०२५

सोमवारी घटस्थापना, त्याआधी मुख्य कार्यालयातलं उरलेलं आटपलं. होम आवृत्तीच्या पीसीची प्रो की आली, तोही जोडला. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये नेटलॉगॉनची ५७७४ नोंद १० तारखेनंतर एकही नाही.

आता जुना नेटबायोस मार्ग सगळ्यांसाठीच बंद करता येईल. डीएचसीपीच्या मायक्रोसॉफ्टच्या खास पर्यायात नेटबायोस बंद करण्याची किंमत २ आहे. एलएलएमएनआर हीही तशीच हाक मारून नाव शोधणारी पद्धत, ती ग्रुप पॉलिसीतून बंद होते. दोन्ही आधी फक्त हिशेब विभागावर लावले. तिथला जुना स्कॅनर फोल्डरमध्ये फाइल टाकताना सर्व्हरचं छोटं नाव वापरतो, त्याला पूर्ण नाव भरून दिलं, चाललं. दिवाळीपर्यंत कोणाची तक्रार आली नाही तर बाकी विभागांना लावायचं.

'लोकल' हे शेपूट बदलायचं का, असं साहेबांनी विचारलं. २०१३ पासून ते प्रिंटर वगैरे शोधणाऱ्या एमडीएनएससाठी राखीव आहे, आणि आतल्या वापरासाठी आयकॅनने (इंटरनेटवरच्या नावांचं काम पाहणाऱ्या संस्थेने) जुलै २०२४ मध्ये 'इंटरनल' राखून ठेवलं. आज नवं डोमेन उभारत असतो तर तेच घेतलं असतं. चालू डोमेनचं नाव बदलणं मात्र फार मोठं आणि जोखमीचं काम आहे. नको म्हणालो.

दुसऱ्या डोमेन कंट्रोलरचा अंदाज लिहून दिला. माळ्यावरचं जुनं यंत्र त्यासाठी वापरू नये, हे त्यात वेगळं लिहिलं. नवा छोटा सर्व्हर, पत्ता १०.३, त्यावरही डीएनएस. तो आला की डीएचसीपीच्या पर्याय ६ मध्ये आणि शाखेच्या राउटरच्या ओळीत १०.३ ची भर पडेल. मंडळाची बैठक दसऱ्यानंतर आहे, विषयपत्रिकेत हा विषय घेतला आहे.